मंगळावर कायमचं जायचंय, पैसे भरू का?

काका, मी सत्तावीस वर्षांची आहे. घर साताऱ्याजवळ, नोकरी चाकणला, एअर कॉम्प्रेसरच्या कारखान्यात सर्व्हिस इंजिनिअर. परदेशातल्या एका खासगी संस्थेने मंगळावर माणसांची कायमची वस्ती उभारायचं ठरवलंय. जायचं, तिथेच राहायचं, परत यायचं नाही. मी अर्ज केला, छोटं शुल्क भरलं आणि पहिल्या फेरीत माझी निवड झाली. आता ‘प्रशिक्षण ठेव’ म्हणून ते दीड लाख रुपये मागताहेत, महिनाअखेरपर्यंत. हा ई-मेल मी सांगण्याआधीच आईने माझ्या फोनवर वाचला. तीन आठवडे ती माझ्याशी बोललेली नाही. बाबा म्हणतात, लग्न टाळायचे हे धंदे आहेत. तसं नाहीये, मला खरंच जायचंय. हा वेडेपणा आहे का? पैसे भरू का? आणि आईला कसं समजावू?

पैसे भरू नकोस. तुझ्या तीन प्रश्नांपैकी याला मुदत आहे, म्हणून उत्तर आधी देऊन टाकतो.

वेडेपणाचं म्हणशील तर मला तो वाटत नाही. मी स्वतः एक पूर्ण हिवाळा अंटार्क्टिकात काढलाय, आपल्या मैत्री केंद्रावर. जनरेटर आणि पाण्याचे पंप माझ्याकडे होते. निघालो तेव्हा घरात जे ऐकलं ते तू आत्ता ऐकते आहेस त्याहून फार वेगळं नव्हतं. दूर जाऊन राहावंसं वाटणं, जिथे कुणी राहिलेलं नाही तिथे आपल्या हाताने काही उभं करावंसं वाटणं, ही चांगली ओढ आहे. ती कुणी तुझ्या मनातून काढून टाकावी असं मला वाटत नाही. म्हणूनच हे पत्र जरा लांबणार आहे.

तू जे लिहिलंस ते जवळजवळ जसंच्या तसं एकदा घडून गेलंय. नेदरलँड्समधल्या बास लान्सडॉर्प या उद्योजकाने २०१२ मध्ये ‘मार्स वन’ ही योजना जाहीर केली. पहिली चार माणसं २०२३ मध्ये मंगळावर उतरणार, मग दर दोन वर्षांनी आणखी चार, परतीचा प्रवास कुणालाच नाही. पहिल्या चौघांचा खर्च त्यांनी सहा अब्ज डॉलर धरला होता, आणि त्यातला मोठा हिस्सा टीव्हीवरच्या प्रक्षेपणाच्या हक्कांतून, जाहिरातींतून आणि गुंतवणूकदारांकडून यायचा होता. २०१३ मध्ये जगभरातून अर्ज मागवले. दोन लाखांहून जास्त लोक पुढे आले असं संस्था सांगायची, शुल्क भरणारे मात्र काही हजारच निघाले. फेब्रुवारी २०१५ मध्ये शंभर जणांची यादी लागली, पन्नास बायका आणि पन्नास पुरुष. त्यात तीन भारतीय होते. आपल्याकडच्या वर्तमानपत्रांतही तेव्हा बरंच छापून आलं होतं.

त्याच शंभरातला डब्लिनचा एक खगोलशास्त्राचा अभ्यासक पुढच्याच महिन्यात जाहीरपणे बोलला. इतक्या फेऱ्या पार करूनही संस्थेतल्या कुणाशी त्याची समोरासमोर भेट झाली नव्हती. मुलाखत झाली ती व्हिडिओवर, दहा मिनिटांची. हे वाचून मी थांबलो होतो. मैत्रीवर जाण्याआधी आमची दिल्लीला एम्समध्ये डोक्यापासून पायापर्यंत तपासणी झाली, मानसिक चाचण्या झाल्या, मग औलीला बर्फात राहण्याचं प्रशिक्षण झालं. हे सगळं कशासाठी, तर वर्ष-सव्वा वर्षात परत येणाऱ्या माणसांसाठी. जन्मभरासाठी जाणाऱ्याची दहा मिनिटं? तुझी पहिली फेरी कशी झाली, कुणी घेतली, किती वेळ घेतली, हे तू पत्रात लिहिलेलं नाहीस. ते तूच स्वतःला विचार.

मार्स वनची तारीख दर वर्षा-दोन वर्षांनी पुढे जात राहिली. शेवटी १५ जानेवारी २०१९ला स्वित्झर्लंडमधल्या बाझलच्या न्यायालयाने ‘मार्स वन व्हेंचर्स’ला, म्हणजे पैसा उभा करणाऱ्या त्यांच्या कंपनीला, दिवाळखोर ठरवलं. एकही यान उडालेलं नव्हतं. त्या लोकांना मी लबाड म्हणणार नाही. त्यांच्यातल्या कित्येकांना खरंच जायचं होतं, तुझ्यासारखंच.

आता माझ्याबरोबर जरा उलटा विचार कर. समजा त्यांचं जुळून आलं असतं. चौघं तिथे उतरली असती, आणि कंपनी त्यानंतर बुडाली असती. मग? मंगळाकडे यान सोडायला सोयीची वेळ साधारण सव्वीस महिन्यांनी एकदा येते. सामान पोहोचायला त्यानंतर सहा-आठ महिने. तू तिथे पन्नास वर्षं जगायचं ठरवलंस, तर इथे कुणीतरी तेवीस वेळा पैसे उभे करायचे, तेवीस यानं भरायची आणि ती तेवीसही नीट उतरवायची. मधल्या काळात कंपनीचा मालक बदलेल, सरकारं बदलतील, टीव्ही बघणाऱ्यांचं लक्ष दुसरीकडे जाईल. एकतर्फी प्रवासात सगळे जाणाऱ्याच्या धैर्याबद्दल बोलतात. मला त्यात मागे राहणाऱ्यांनी द्यायचं वचन दिसतं, आणि ते तुझ्या आयुष्याइतकं लांब असायला लागतं. तुझ्या धैर्याबद्दल मला शंका नाही. पण हे वचन कोण देतंय, आणि ते पाळण्याइतका तो टिकेल का?

हे तुला पटवायला तुझ्याच धंद्यातलं बोलतो. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या काही विद्यार्थ्यांनी मार्स वनचा आराखडा घेऊन दिवसागणिक हिशोब मांडला. माणसांचं सगळं अन्न तिथेच पिकवायचं म्हटलं, तर योजनेत धरलेली पन्नास चौरस मीटर जागा पुरत नव्हती, दोनशेच्या आसपास लागत होती. आणि एवढी पिकं बंद घरात वाढायला लागली की ती ऑक्सिजन इतका सोडतात की आग लागायचा धोका होतो. तो कमी करायला घरातली हवा बाहेर सोडायची, तर तिच्याबरोबर नायट्रोजनही जातो, कारण नुसता ऑक्सिजन वेगळा काढणारं अवकाशात वापरलेलं यंत्र तेव्हा नव्हतं. नायट्रोजनचा साठा संपत जातो, दाब उतरतो, आणि त्यांच्या हिशोबात अडुसष्टाव्या दिवसाच्या सुमाराला पहिला माणूस गुदमरतो. लान्सडॉर्प यांना हा ऑक्सिजनचा मुद्दा मान्य नव्हता. पण सगळी यंत्रं चालू ठेवणं हेच खरं आव्हान आहे, एवढं त्यांनीही कबूल केलं.

त्या अभ्यासातलं माझ्या मनात राहिलेलं वाक्य सुट्या भागांबद्दल आहे. एकशे तीस महिन्यांनंतर, म्हणजे अकरा वर्षांच्या आत, तिथे पाठवायच्या सामानात बासष्ट टक्के वजन नुसत्या स्पेअरचं असेल. तू सर्व्हिसमध्ये आहेस, हा आकडा तुझ्या हाताला कळेल. गिऱ्हाइकाचा फोन आला की तू आधी काय विचारतेस? मशीनचा नंबर आणि किती तास चाललंय. मग स्टोअरला फोन. स्टोअरच नसेल तर तुझी सगळी विद्या कुठे येऊन थांबते?

मैत्रीवर प्रियदर्शिनी नावाचं तळं आहे, पिण्यावापरण्याचं पाणी तिथून पंपाने येतं. जहाज उन्हाळ्यात येतं, एकदा गेलं की पुढच्या उन्हाळ्यापर्यंत जे आहे ते आहे. जून महिना, सूर्य उगवायचा बंद झालेला. पंपाचं सील गळायला लागलं. माझ्या खणात त्या मापाची दोन सीलं होती. पहिलं बसवताना हातमोजा काढला, तरी बोटांना नीट कळेना, आणि थंडीने कडक झालेल्या रबराला बारीक चीर गेली. आवाजसुद्धा झाला नाही. दिव्याजवळ धरून बघितलं तेव्हा दिसली. उरलं एक. ते मी आत आणलं, कोमट पाण्यात ठेवलं, स्वयंपाकघरात बसून अर्धा तास हात शेकले आणि मग बसवलं. ते टिकलं. पण त्या रात्रीपासून पंप चालू असला की मला झोप लागायची नाही, आवाजात जरा फरक पडला की उठून बसायचो. एका रबरी कड्यावर पंचवीसेक माणसांचं पाणी होतं. आणि आमच्याभोवती फुकटचा बर्फ होता, वितळवून प्यायलो असतो. बाहेर श्वास घेता येत होता. अगदीच वेळ आली तर काही किलोमीटरवर रशियनांचं केंद्र होतं.

त्या रशियन केंद्राची एक गोष्ट तिकडे गेलेल्या प्रत्येकाला माहीत असते. एप्रिल १९६१ मध्ये तिथला एकुलता एक डॉक्टर, लिओनिद रोगोझोव्ह, याचं अपेंडिक्स सुजलं. वादळामुळे मदत पोहोचण्यासारखी नव्हती. त्याने जागा बधिर करून घेतली, एका सहकाऱ्याला आरसा धरायला लावला आणि स्वतःचं पोट स्वतः उघडून अपेंडिक्स काढलं. तो वाचला, आणि वर्षभराने घरी परतला. तुझ्या संस्थेच्या पहिल्या चौघांत डॉक्टर कोण, आणि तोच आडवा झाला तर काय, हे त्यांना विचारलंस का?

मंगळाची माहिती तू माझ्याहून जास्त वाचली असशील, म्हणून दोनच आकडे. नासाच्या मंगळावरच्या पर्सिव्हिअरन्स गाडीवर मॉक्सी नावाचं यंत्र होतं, मंगळाच्या हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमधून ऑक्सिजन काढणारं. माणसाने परग्रहावर पहिल्यांदा ऑक्सिजन तयार केला तो त्या यंत्राने, आणि मला त्याचा फार अभिमान आहे. २०२१ ते २०२३ या काळात सोळा वेळा चालवून त्यातून १२२ ग्रॅम ऑक्सिजन निघाला. एका माणसाला तो तीन-साडेतीन तास पुरेल. दुसरा आकडा किरणोत्साराचा. नासाची आधीची क्युरिऑसिटी गाडी मंगळाकडे जाताना तिच्यावरच्या उपकरणाने दिवसाला सुमारे १.८ मिलिसिव्हर्ट मोजले. सहा महिन्यांचे सव्वातीनशे होतात. तुमच्याकडे वेल्डिंगचे एक्स-रे काढणारी माणसं छातीला किरणोत्सार मोजणारा टीएलडी बॅज लावून येतात ना, त्यांना वर्षाला सरासरी वीसची मर्यादा असते. नुसतं पोहोचेपर्यंत सोळा वर्षांचा कोटा, आणि राहणं त्यापुढे.

शिवाय हे सगळं पृथ्वीवर तरी करून बघितलंय का? अमेरिकेत ॲरिझोनाच्या वाळवंटात १९९१ मध्ये आठ माणसं दोन वर्षांसाठी बायोस्फिअर २ या काचेच्या बंद घरात राहिली होती. आतला ऑक्सिजन २१ टक्क्यांवरून १४ टक्क्यांवर आला. मातीतले जीव तो वापरत होते आणि त्यांनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड बांधकामातलं ताजं काँक्रीट शोषून घेत होतं, त्यामुळे तो पिकांपर्यंत पोहोचत नव्हता. काँक्रीट असं करेल हे आधी कुणी धरलंच नव्हतं. शेवटी बाहेरून ऑक्सिजन आत सोडावा लागला. बाहेर होता म्हणून सोडला.

कोणी तुला मॉरिशसचं उदाहरण देईल. एकोणिसाव्या शतकात कोकणातली माणसं तिथे उसाच्या मळ्यांवर गेली, तिथलीच झाली, आजही तिथल्या मराठी घरांत गणपती बसतो. खरं आहे, आणि त्या माणसांनी सोसलं ते थोडं नव्हतं. पण त्यांचं जहाज लागलं त्या बेटावर हवा होती, पाऊस पडत होता, आणि दुसरी जहाजं येत राहणार होती, कारण उसाला गिऱ्हाईक होतं. मंगळावरून परत काय विकायचं, म्हणजे जहाजं येत राहतील?

तर संस्थेला एक पत्र लिही. ठेव भरणार नाही म्हणून सांग आणि चार गोष्टी लेखी माग. १९६७च्या अंतराळ करारानुसार खासगी संस्थेने अवकाशात काहीही केलं तरी जबाबदारी तिच्या देशाच्या सरकारची असते. तेव्हा कोणत्या सरकारने या मोहिमेला परवानगी दिलीय, कागद दाखवा. पहिली माणसं उतरल्यानंतरच्या दहा वर्षांच्या पुरवठ्याचे पैसे कुठे बाजूला ठेवलेत, आणि कंपनी बुडाली तर ते कोणाच्या ताब्यात जातील? श्वासाची आणि पाण्याची यंत्रं पृथ्वीवर बंद खोलीत सलग दोन वर्षं चालवून दाखवलीत का? आणि स्पेअरची यादी. ही चौथी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. ज्याला खरंच जायचंय त्याच्याकडे ती यादी असणारच, आणि ती मागणाऱ्या सर्व्हिस इंजिनिअरला तो डोक्यावर घेईल. ‘आपली बांधिलकी कमी पडते आहे’ असं काही उत्तर आलं, तर पहिल्या शुल्कावरही पाणी सोड आणि विषय बंद कर.

आता आई. तू विचारतेस, समजावू कसं. समजावायला जाऊ नकोस. ‘परत यायचं नाही’ हे तिने वाचलं आणि बरोबर तोच अर्थ घेतला. त्यात तिची काही चूक झालेली नाही. चूक तुझी आहे, आणि ती मंगळाची नाही. तिला हे ई-मेलमधून कळलं. पोटच्या मुलीने कायमचं जायचं ठरवलं आणि आपल्याला सांगावंसंही वाटलं नाही, याचा तो अबोला आहे असं मला वाटतं. तेवढ्याची माफी माग. बाकी काही बोलू नकोस त्या दिवशी.

माझी आई मैत्रीवर फोन करायची तेव्हा उपग्रहाचा फोन महाग होता आणि मध्येच तुटायचा. पहिल्या दोन-तीन वेळा ‘कसा आहेस, बरा आहेस ना’ यातच लाइन गेली. मग तिने शिकून घेतलं. फोन लागला की नमस्कार-चमत्कार काही नाही, एका दमात: “दादाची बदली नाशिकला झाली, कपिला गाय व्याली, पाडी झाली, माझी साखर आता ठीक आहे, तू जेवतोस ना?” आणि मग गप्प, माझा आवाज ऐकायला. मंगळावरून तेवढं ऐकायला ग्रह जवळ असतील तर तीन मिनिटं, लांब असतील तर बावीस, आणि तुझं ‘हो, जेवते’ तिच्यापर्यंत पोहोचायला पुन्हा तेवढीच. बोलणं असं उरत नाही, निरोप उरतात. हे तुला घाबरवायला लिहीत नाही. यातलं किती तुला चालेल आणि किती आईवर लादायचं, याचा विचार अर्जात कुठे नव्हता, तो तू करायला हवास.

बाबांना सरळ सांग, लग्नाला माझी ना नाही, पण येणाऱ्या स्थळाला पहिल्याच भेटीत सांगणार की मी वर्ष-वर्ष बाहेर राहायचं काम शोधणार आहे. ज्याला चालेल तो हो म्हणेल. असे असतात. माझ्याबरोबर हिवाळा काढलेल्यांत निम्म्याहून जास्त संसारी होते.

आणि काम खरंच शोध. गोव्यात वास्कोला राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र आहे, मैत्री आणि भारती ही दोन्ही केंद्रं तेच चालवतं. दर वर्षीच्या मोहिमेसाठी त्यांना शास्त्रज्ञांइतकेच जनरेटर, पंप, वाहनं, स्वयंपाक सांभाळणारे लोक लागतात, त्याची जाहिरात निघते. हिवाळ्याच्या तुकडीसाठी अर्ज कर, तुझ्या अनुभवाला तिथे किंमत आहे. लडाखमध्येही मंगळासारख्या परिस्थितीत राहून बघण्याचे प्रयोग सुरू झालेत. नोव्हेंबर २०२४ मध्ये लेहला इस्रोच्या सहभागाने पहिला झाला, आणि त्यात लडाख विद्यापीठ आणि आयआयटी मुंबईही होते. पुढच्या वर्षी त्सो कार तळ्याजवळ आणखी एक केंद्र उभं राहिलं. ह्यूस्टनला नासाने चार माणसांना ३७८ दिवस मंगळाच्या नकली घरात ठेवलं होतं, पण तिथे अमेरिकेचे नागरिक किंवा कायम रहिवासीच घेतात, तिकडे वेळ घालवू नकोस. माणूस मंगळावर राहायला जाईलच, आणि जाईल तेव्हा बंद घरात हवेची यंत्रं वर्षानुवर्षं चालवून दाखवलेल्या लोकांची आधी गरज लागेल.

येत्या रविवारी साताऱ्याला जा. फोनवर काही बोलू नकोस, आईजवळ बसून बोल. आणि त्याआधी एक काम कर. तुझ्या रोजच्या हाताखालचं एकच मशीन घे, तुम्ही सगळ्यात जास्त विकता ते. स्टोअर नाही, कुरिअर नाही, दुसरं मशीन नाही, असं धरून ते दहा वर्षं अखंड चालवायला काय काय लागेल ते वहीत लिही: फिल्टर, बेअरिंग, व्हॉल्व्ह, तेल, गॅस्केट, सीलं, प्रत्येकाची संख्या आणि वजन. बसवताना खराब होणारीही धर. यादी झाली की मला पाठव, मी सीलांच्या आकड्यापासून तपासायला घेईन.